‘८०८ज अँड हार्टब्रेक’: पहिल्या आठवड्यातला निकाल आणि नंतरचा

आजच्या भागात एका अल्बमबद्दल बोलायचंय. खरं तर तो अल्बम लोकांनी कसा ऐकला, याबद्दल. अल्बम आहे कान्ये वेस्टचा ‘८०८ज अँड हार्टब्रेक’, नोव्हेंबर २००८ चा. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा शाळेत असतील. पण आज तुमच्या प्लेलिस्टमध्ये जो उदास, गुणगुणणारा रॅप आहे ना, त्याची एक मोठी वाट इथून निघते.

आधी थोडी पार्श्वभूमी. कान्ये मुळात शिकागोचा प्रोड्युसर. जे-झीसाठी बीट्स बनवायचा. त्याला स्वतः रॅप करायचं होतं, पण कंपन्यांना तो फक्त बीट बनवणारा वाटायचा. २००४ च्या ‘द कॉलेज ड्रॉपआउट’ने ते चित्र बदललं. २००७ चा ‘ग्रॅज्युएशन’ तर अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात साडेनऊ लाखांहून जास्त खपला. म्हणजे गडी पार शिखरावर.

आणि तिथेच सगळं कोसळलं. १० नोव्हेंबर २००७ ला त्याची आई, डोंडा वेस्ट, गेली. एका शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी. त्याला एकटीने वाढवणारी, त्याच्यावर पहिला विश्वास ठेवणारी बाई. काही महिन्यांत ठरलेलं लग्नही मोडलं. मग हा माणूस हवाईतल्या होनोलुलूला गेला आणि तीनेक आठवड्यांत अल्बम रेकॉर्ड करून परत आला. त्यात रॅप जवळजवळ नव्हताच. तो गात होता. आणि त्याला नीट गाता येत नव्हतं.

मग त्याने काय केलं? दोन यंत्रं जवळ केली. पहिलं, रोलंड कंपनीचं टीआर-८०८ ड्रम मशीन. अल्बमच्या नावातलं ८०८ ते हेच. हे यंत्र १९८० मध्ये आलं आणि १९८३ मध्ये बंदही पडलं. जेमतेम बारा हजार नग बनले. तक्रार काय, तर आवाज खऱ्या ड्रमसारखा येत नाही. पण सेकंडहँड बाजारात ते स्वस्त झालं, पैसे नसलेल्या पोरांच्या हाती गेलं आणि त्याचा तो खोल, घुमणारा ‘धूम’ हिप-हॉपचा पाया बनला.

दुसरं यंत्र म्हणजे ऑटो-ट्यून. आपल्या इंजिनियर मंडळींना ही गोष्ट आवडेल. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेल शोधण्याच्या कामात होते. जमिनीत ध्वनिलहरी सोडायच्या, परत येणाऱ्या सिग्नलवरून खाली काय दडलंय ते ओळखायचं. त्याच धाटणीचं गणित त्यांनी गाणाऱ्याचा सूर पकडायला लावलं. १९९७ मध्ये सॉफ्टवेअर आलं. हेतू होता चुकलेला सूर गुपचूप सरळ करायचा. शेरने १९९८ मध्ये आणि पुढे टी-पेनने तेच मुद्दाम ऐकू येईल असं वापरलं.

आता मुख्य मुद्दा. लोक काय म्हणाले?

सप्टेंबर २००८ मध्ये ‘लव्ह लॉकडाउन’ आलं तेव्हा चाहत्यांनीच इतकी कुरकुर केली की कान्येने आवाज पुन्हा रेकॉर्ड करून गाणं बदललं. अल्बम आल्यावर समीक्षक दुभंगले. सगळे स्कोअर एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिकवर शंभरपैकी ७५, पिचफोर्कचे दहापैकी ७.६. वाईट नाही, पण आधीच्या कौतुकापुढे थंडच. आक्षेप साधारण तीन: आवाज कच्चा आहे, रॅप कुठे गेला, आणि स्वतःची फार कीव करतोय. खप पहिल्या आठवड्यात साडेचार लाख. पहिला नंबर मिळाला, पण आधीच्या अल्बमच्या निम्म्याहूनही कमी.

जून २००९ मध्ये जे-झीने ऑटो-ट्यूनच्या मरणाची घोषणा करणारं गाणंच काढलं. गंमत बघा, त्याचा प्रोड्युसर नो आय. डी. होता, आणि ‘हार्टलेस’मध्ये कान्येचा सहप्रोड्युसरही तोच!

पण एव्हाना दुसरीकडे काहीतरी सुरू झालं होतं. अल्बम येऊन तीन महिनेही झाले नव्हते. टोरोंटोच्या ड्रेक नावाच्या पोराने ‘सो फार गॉन’ ही मिक्सटेप काढली, आणि त्यातलं एक गाणं चक्क या अल्बममधल्या ‘से यू विल’च्या म्युझिकवर होतं. ‘हार्टलेस’च्या लेखनात साथ देणाऱ्या किड कडीचा ‘मॅन ऑन द मून’ त्याच वर्षी आला. रॅपर एकटा आहे, घाबरलाय, रडतोय, आणि ते गाऊन सांगतोय, हे हळूहळू नॉर्मल झालं. २०१५ मध्ये कान्येने हॉलिवूड बोलला हा अख्खा अल्बम सादर केला. २०२० मध्ये रोलिंग स्टोनने त्याला सर्वोत्तम ५०० अल्बमांच्या यादीत बसवलं.

मग २००८ चे समीक्षक चुकले का? मला तसं वाटत नाही. आजही ऐका, आवाज कच्चाच आहे. ब्रेकअपच्या गाण्यांत सगळा दोष समोरच्या बाईच्या माथी मारलाय, तेही खरं. त्यांनी ‘हा चांगला गातो का?’ असं विचारलं, आणि उत्तर बरोबर दिलं. ऐकणाऱ्या पोरांचा प्रश्न मात्र वेगळा होता: ‘मला गाता येत नाही, तरी माझं दुःख असं सांगता येईल का?’ ‘कोल्डेस्ट विंटर’ हे आईसाठीचं गाणं ऐकलं की कळतं. आवाज सपाट, यंत्रात अडकलेला. सुन्न झालेला माणूस असाच बोलतो. सूर सरळ करायला बनलेलं यंत्र इथे मोडलेपण दाखवायला वापरलंय.

एक गोष्ट टाळून चालणार नाही. २०२२ पासून कान्येने ज्यूंविरुद्ध उघड द्वेषाची वक्तव्यं केली. आदिदासने करारही तोडला. हा अल्बम चांगला आहे म्हणून ते माफ होत नाही. आणि त्या बोलण्यामुळे २००८ मध्ये जे घडलं ते पुसलंही जात नाही. दोन्ही लक्षात ठेवूनच ऐकावं लागतं.

आपल्याकडेही हा वाद जुनाच आहे. पुण्याचा एमसी स्टॅन ऑटो-ट्यून भरपूर वापरतो, आणि त्यावरून त्याची चेष्टाही भरपूर होते. आवडणं न आवडणं तुमच्यावर. पण रात्री बारा वाजता अल्बम आला आणि साडेबाराला ‘फ्लॉप’ लिहून मोकळं व्हायचं, ही घाई जरा थांबवून बघा. पहिल्या ऐकण्यात आपण बहुतेक वेळा आपल्या अपेक्षेलाच मार्क देत असतो. अल्बमला मार्क द्यायला थोडे दिवस जाऊ द्यावे लागतात.

तुम्हाला आधी अजिबात न आवडलेला आणि नंतर मनात घर केलेला अल्बम कोणता? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!