मालकी देण्याचा अधिकार कोणाचा? युनिक्समधील 'चाऊन' आणि रत्नागिरीची खोती

प्रस्तावना

सी भाषेतील प्रोग्रॅममधून फाइलची मालकी बदलावयाची असल्यास युनिक्स व तत्सम कार्यप्रणालींत 'चाऊन' हा सिस्टिम कॉल वापरला जातो. फाइलचा मार्ग, नव्या मालकाचा क्रमांक आणि गटाचा क्रमांक एवढी तीन मूल्ये त्यास पुरतात. काम झाले तर 0 आणि न झाल्यास उणे 1 परत येतो. पाठ्यपुस्तकांत हा विषय सहसा थोडक्यात आटोपला जातो. प्रयोगशाळेत मात्र विद्यार्थी स्वतःच तयार केलेली फाइल सहाध्यायाच्या नावे करू पाहतो आणि लिनक्स त्यास परवानगी नाकारते. हा नकार आपण तांत्रिक त्रुटी म्हणून समजावून देतो. वास्तविक तो एका जुन्या वादाचा निकाल आहे. जी वस्तू माझी आहे ती मी दुसऱ्यास का देऊ शकत नाही, हा तो वाद होय. रत्नागिरी जिल्ह्यात हाच प्रश्न जमिनीसंबंधी एकोणिसाव्या शतकात कायद्याच्या भाषेत मांडला गेला होता. म्हणून ही तुलना.

दानापासून निर्बंधापर्यंत

युनिक्सच्या 1971 च्या पहिल्या हस्तपुस्तिकेतही हा कॉल आहे. तेव्हा प्रणाली असेंब्ली भाषेत होती. तिचा गाभा सी भाषेत आला तो 1973 मध्ये. त्या पहिल्या नियमानुसार फाइलचा विद्यमान मालक किंवा महावापरकर्ता यांपैकी कोणीही ती दुसऱ्यास देऊ शकत असे. बेल प्रयोगशाळेतील परस्परपरिचित मोजक्या संशोधकांना ही व्यवस्था पुरेशी होती. 1979 च्या सातव्या आवृत्तीत मात्र हा अधिकार केवळ महावापरकर्त्याकडे होता. फाइली परस्पर देता आल्या तर कोणी किती जागा वापरली याचा हिशेबच चुकेल, असे कारण दिले गेले. आणि असा हिशेब प्रत्यक्षात ठेवलाच जात नाही, अशी मिस्कील कबुलीही तेथेच नोंदवलेली आहे! नियम आधी आला, त्याचे प्रयोजन मागाहून. 1983 च्या बर्कली आवृत्तीत प्रत्येक वापरकर्त्याच्या जागेवर मर्यादा घालण्याची सोय आली आणि मग त्या निर्बंधाला खरा अर्थ प्राप्त झाला. तिकडे एटी अँड टीच्या 'सिस्टिम फाइव्ह' शाखेने मालकाचा दानाधिकार कायम राखला. 1988 च्या पॉझिक्स मानकाने हा तंटा सोडविला नाही. निर्बंध ठेवावा की नाही हे प्रणालीकर्त्यांवर सोपवून दोन्ही पक्षांना जागा दिली.

निर्बंधाच्या बाजूने दोन कारणे वजनदार आहेत. पहिले, घेणाऱ्याची संमती कोणीच विचारत नाही. फाइल त्याच्या नावे होते आणि जागेचा भारही त्याच्या खाती पडतो. दुसरे अधिक गंभीर आहे. मालकाच्या अधिकाराने चालणारा प्रोग्रॅम लिहून तो महावापरकर्त्याच्या नावे करता आला, तर लिहिणाऱ्यास साऱ्या यंत्राची सत्ता मिळेल. म्हणूनच सामान्य वापरकर्त्याने मालकी बदलली की तो विशेष अधिकाराचा बिट पुसला जातो. सी शिकविताना हा बिट वगळून 'चाऊन' शिकविणे म्हणजे खरेदीखत शिकवून बोजा न सांगण्यासारखे आहे.

खोताची संमती

1880 च्या खोती सेटलमेंट कायद्याने रत्नागिरीतील खोती गावांतील हक्कांची प्रतवारी केली. गावाचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी खोतावर होती. खोत व धारेकरी यांचे हक्क वारसाने जाणारे तसेच हस्तांतरणीय मानले गेले. मात्र त्याखालच्या कायम कुळाचा हक्क वारसाने जाई, पण खोताच्या संमतीवाचून सहसा दुसऱ्यास देता येत नसे. म्हणजे जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याच्या हाती 'धारण' होते, 'दान' नव्हते. निर्बंधित 'चाऊन'मध्ये सामान्य वापरकर्त्याची स्थिती नेमकी हीच आहे. त्यास फाइल वाचता येते, लिहिता येते, पुसून टाकता येते. देता मात्र येत नाही.

साम्य येथे संपते, आणि भेद अधिक बोलका आहे. संमती देणारा खोत स्वतःच त्या व्यवहारात हितसंबंधी होता. नोंद, वसुली आणि लाभ ही तिन्ही एका घराण्यात एकवटली, की हस्तांतराचा निर्बंध हिशेबाचे साधन न राहता वर्चस्वाचे साधन होतो. ज्यांचे मूळ गाव याच जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, ते या एकवटलेल्या सत्तेविरुद्ध. प्रत्यक्ष निर्मूलनाचा कायदा 1949 चा. संगणकातील महावापरकर्त्यास फाइलीत वाटा नसतो हे खरे. तथापि त्याच्या सत्तेलाही मर्यादा नव्हती. लिनक्सच्या 2.2 या आवृत्तीपासून (1999) ही अखंड सत्ता वेगवेगळ्या अधिकारांत विभागली गेली आणि मालकी बदलण्याचा अधिकार त्यांतील एक स्वतंत्र अधिकार झाला. गाभ्याच्या रचनेत झालेले हे एक प्रकारचे खोती-निर्मूलनच म्हणावे लागेल.

आणखी एक बाब दप्तर जाणणाऱ्यांस ओळखीची वाटेल. आयनोडमध्ये मालकाचे नाव नसून केवळ क्रमांक असतो. वापरकर्त्याचे खाते काढून टाकले तरी त्याच्या फाइली त्या क्रमांकावर बेवारस राहतात, आणि पुढे तोच क्रमांक नवागतास दिला गेला तर त्या आपोआप त्याच्या होतात. मयताचे नाव कमी करून वारसनोंद करणे कोकणात किती महत्त्वाचे आहे, हे मुंबईकर चाकरमान्यांच्या सामाईक सातबाऱ्यांवरून आपण जाणतोच.

सातबाऱ्यावरील मालकीचा बदलही धारक स्वतः करू शकत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 अन्वये तलाठी फेरफार नोंदवहीत नोंद घेतो, संबंधितांना नोटीस दिली जाते, हरकतींसाठी मुदत असते, आणि त्यानंतर वरिष्ठ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. दप्तर संगणकावर आले तरी हा क्रम सुटलेला नाही. 'चाऊन'मध्ये मात्र नोटीस नाही, हरकत नाही, दुसरा हातही नाही. अधिकार असलेल्याने हाक दिली की त्याच क्षणी नवा क्रमांक जुन्याची जागा घेतो, आणि पूर्वीचा मालक कोण होता हे आयनोड कोठेही राखून ठेवत नाही.