न विकलेल्या नांगराची दोन वर्षे

सकाळच्या प्रहरी सिरुसेरीच्या माहिती-तंत्रज्ञान वसाहतीकडे निघालेल्या गाड्यांची रीघ पाहिली, की त्यांतून जाणाऱ्या मराठी तरुणांविषयी कौतुक वाटते. त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात 'एक दिवस स्वतःचे काही काढावे' ही इच्छा दडलेली असते. तिला खतपाणी घालण्याकरिता ते उद्योजकांच्या यशोगाथा वाचतात. परंतु यशोगाथा बहुधा शेवटाकडून सांगितली जाते. कळस आधी दिसतो आणि पाया खणतानाचे दिवस दोन ओळींत आटोपले जातात. खरी प्रेरणा त्या दोन ओळींतच असते, हे लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या चरित्रावरून ध्यानात येते.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण रंगांतील भेद आपल्या डोळ्यांना नीट कळत नाहीत, असे त्यांना आढळून आले. हा घाव लहान नव्हता. त्यांनी यंत्ररेखनाची कास धरली आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत ते शिकवू लागले. तेथे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावास परतले. बंधू रामूअण्णांच्या साथीने सायकली विकणे व दुरुस्त करणे, हा त्यांचा आरंभीचा धंदा होता. त्यातूनच कडबा कापण्याचे यंत्र आणि १९०३ साली लोखंडी नांगर तयार झाला.

नांगर उत्तम होता. पण तो घेणार कोण? लोखंडाने जमीन विषारी होते, अशी त्या काळी शेतकऱ्यांत समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. या दोन वर्षांत लक्ष्मणरावांच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी. ज्या शेतकऱ्यासाठी वस्तू केली, त्यालाच ती नको होती. अशा वेळी गिऱ्हाइकाला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे असते. लक्ष्मणरावांनी तो मार्ग धरला नाही. नांगरावरील विश्वास त्यांनी ढळू दिला नाही आणि शेतकऱ्याचा विश्वास मिळेपर्यंत वाट पाहिली.

पुढे बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली. तेव्हा औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. कुंडल रोड स्थानकाजवळची बत्तीस एकर जमीन त्यांनी दिली. ती जमीन म्हणजे निवडुंगाने माजलेला ओसाड माळ! १९१० साली तेथे वस्ती उभी राहिली आणि पुढे तिला 'किर्लोस्करवाडी' हे नाव मिळाले. पहिल्या महायुद्धात लोखंडाचा तुटवडा पडला, तेव्हा कोल्हापूर संस्थानातील जुन्या तोफा वितळवून त्यांच्या धातूचा उपयोग करण्यात आला. तोफांचे नांगर झाले! १९२० साली 'किर्लोस्कर ब्रदर्स' ही मर्यादित कंपनी झाली.

ज्या तमिळ भूमीने आपणांस आसरा दिला, तिच्यातही असेच एक उदाहरण आहे. कोइंबतूरचे जी. डी. नायडू (१८९३–१९७४) यांनी फारसे शालेय शिक्षण घेतले नव्हते. उपाहारगृहात चाकरी करून त्यांनी पैसे साठविले आणि एका इंग्रज अधिकाऱ्याची मोटारसायकल विकत घेतली. १९२० साली त्यांनी पोल्लाची ते पळणी अशी बससेवा सुरू केली व पहिली बस स्वतः चालविली. पुढे १९३७ साली कोइंबतूरात विजेची मोटर तयार करण्यातही त्यांचा वाटा होता. प्रांत निराळा, भाषा निराळी. चिकाटी मात्र एकच.

या चरित्रांतून तरुणांनी धीर घ्यावा, हे तर खरेच. परंतु प्रस्तुत लेखकास ती आपणा वडीलधाऱ्यांसाठी अधिक बोलकी वाटतात. मुलाने नोकरी सोडण्याचा विषय काढताच आपण घाबरतो. आपली भीती निराधार नसते. घराचे हप्ते असतात, म्हातारपण असते. लक्ष्मणरावांसारखे जिद्दीने धंद्यात उतरलेले कितीतरी जण बुडाले आणि त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत, हेही विसरता येत नाही. तरीही त्या दोन वर्षांत रामूअण्णा पाठीशी नसते आणि पुढे औंधचा माळ मिळाला नसता, तर किर्लोस्करवाडी उभी राहिली असती काय?

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आपल्या मंडळाने हा प्रश्न स्वतःस विचारावा. यशस्वी उद्योजकाला शालश्रीफळ देऊन गौरविणे आपणांस चांगले जमते. ज्याचा नांगर अजून विकला गेलेला नाही, अशा आपल्यातील एखाद्या मुलाला किंवा मुलीला सभागृहाचा एक कोपरा, अनुभवी सदस्यांचा तासभर वेळ आणि चार ओळखी आपण देऊ शकू काय? औंधकरांनी बत्तीस एकर दिले. आपणांस इतके द्यावयाचे नाही.