बेलव्ह्यूचा मेन स्ट्रीट आणि त्याच्या मोकळ्या जागा

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, सिएटलच्या समोर, लेक वॉशिंग्टन या सरोवराच्या पूर्व काठी बेलव्ह्यू हे शहर आहे. २०२० च्या शिरगणतीत तेथे दीड लाखाहून थोडी अधिक वस्ती होती आणि तीत भारतातून आलेली कुटुंबेही पुष्कळ आहेत. या शहराचा जुना बाजाररस्ता म्हणजे मेन स्ट्रीट. त्या रस्त्यावर व शहरात इतरत्र जुनी बैठी घरे, गुदामे व मोटारी ठेवण्याची पटांगणे जाऊन नव्या इमारती झाल्या. अशा जागेला लोक ‘मोकळी जागा’ म्हणतात. ती मोकळी कशी झाली, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही.

१८६९ साली विल्यम मायडेनबाउअर नावाच्या सिएटलच्या एका बेकरीवाल्याने तेथील खाडीकाठी जमीन घेतली. पुढे खाडीजवळ मेन स्ट्रीटवर दुकाने झाली. सरोवर ओलांडण्यास तेव्हा बोट हेच साधन होते, म्हणून धक्क्याजवळचा हा रस्ता गावाचे नाक झाला. देवमासे पकडणाऱ्या एका कंपनीची जहाजे हिवाळ्यात याच खाडीत नांगरून असत.

गावाभोवतीचे जंगल तोडले गेले होते, पण झाडांचे प्रचंड बुंधे जमिनीत तसेच होते. ते सुरुंग लावून व घोडे जुंपून उपटण्याचे कष्ट जपानहून आलेल्या शेतकऱ्यांनी केले. त्या जमिनीत त्यांनी स्ट्रॉबेरी व भाजीपाला पिकविला. १९२५ पासून गावात स्ट्रॉबेरीचा उत्सव भरू लागला. हजारो लोक तो पाहावयास येत. पण १९२१ च्या कायद्याने या शेतकऱ्यांना जमीन विकत घेण्याची किंवा खंडाने करण्याचीही बंदी होती, कारण त्यांना अमेरिकेचे नागरिकत्वच मिळत नसे. तेथे जन्मलेल्या मुलांच्या नावावर काहींनी जमिनी केल्या.

फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा हुकूम निघाला आणि मे महिन्यात बेलव्ह्यूची सुमारे ६० कुटुंबे, म्हणजे ३०० माणसे, आगगाडीने छावण्यांत नेण्यात आली. स्ट्रॉबेरी पिकण्याचेच ते दिवस होते. त्या वर्षी उत्सव झाला नाही. युद्धानंतर थोडीच कुटुंबे परतली.

तोवर गावही बदलू लागले होते. १९४० साली सरोवरावर तरंगता पूल झाला व मोटारी येऊ लागल्या. १९४६ साली मेन स्ट्रीटच्या उत्तरेस केंपर फ्रीमन यांनी बेलव्ह्यू स्क्वेअर हे बाजारसंकुल उघडले, आणि व्यापार जुन्या रस्त्यावरून तिकडे सरकला. या गृहस्थांचे वडील मिलर फ्रीमन हे जपानी लोकांविरुद्धच्या चळवळीचे पुढारी होते, ही गोष्टही इतिहासात नमूद आहे. १९५३ साली गावाला शहराचा दर्जा मिळाला. शेतांवर घरे व गुदामे उठली. पुढे जुन्या मेन स्ट्रीटपुरती इमारतींची उंची मर्यादित ठेवण्यात आली, म्हणून तेथे अजून चालत हिंडण्याजोगा बाजार आहे. ईशान्येच्या बेल-रेड भागात मात्र किराणा कंपनीच्या ३६ एकरांच्या गुदामाच्या जागी नवी वसाहत उभी राहिली, आणि २७ एप्रिल २०२४ पासून तेथे विजेची रेल्वे धावते.

जुन्या जागी नवे उभारू नये, असे माझे म्हणणे नाही. पडिक जागेवर घरे झाली तर लोकांना निवारा मिळतो व रस्त्यावर वर्दळ येते. परंतु परिचारिकेला नव्या रुग्णाचा पूर्वेतिहास आधी विचारून घ्यावा लागतो, तसा जमिनीचाही विचारावा. अमेरिकेच्या सरकारने १९८८ साली कायदा करून माफी मागितली व हयात असलेल्या प्रत्येक बंदिवानास २०,००० डॉलर दिले. पण जमीन व शेजार परत मिळाला नाही.

आपल्या समाजालाही हा विषय परका नाही. मुंबईत मांडवीतील सॅम्युएल स्ट्रीट घ्या. सामुएल इझिकेल दिवेकर यांनी बांधलेले १७९६ चे शाअर हारहामीम सिनेगॉग तेथे उभे आहे, पण भोवतालची बेने इस्राएल वस्ती पांगली. आपण आपल्या मर्जीने निघालो, बेलव्ह्यूच्या शेतकऱ्यांना बंदुकीच्या पहाऱ्यात नेले. हा फरक फार मोठा आहे व तो विसरता कामा नये. तरी एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. माणसे गेली की त्यांच्या खुणा पुसावयास दोन पिढ्याही लागत नाहीत.

असाइची त्सुशिमा यांनी बेलव्ह्यूच्या जपानी शेतकऱ्यांची हकिकत १९५२ साली लिहून ठेवली. आपल्या हाइम सॅम्युएल केहिमकरांनी आपला इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला. तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवला. त्यांनी लिहिले नसते तर आज आपण काय सांगितले असते? म्हणून वाचकांना विनंती अशी की, आपल्या गल्लीत कोण कोठे राहत होते, दुकान कोणाचे होते, घाणा कोणाचा होता, हे ज्यांना आठवते त्यांच्याकडून विचारून वहीत उतरवून घ्यावे. तेथे नवी इमारत उठण्यापूर्वी हे काम झालेले बरे.