पाहुण्यांच्या खोलीचा विनियोग

ग्वाल्हेरचा जयविलास राजवाडा जयाजीराव शिंदे यांनी १८७४ साली उभारला. त्याचा आराखडा मायकल फिलोज यांचा. इंग्लंडचे युवराज (पुढे सम्राट सातवे एडवर्ड) १८७५-७६ च्या भारत दौऱ्यावर येणार होते. त्यांचे स्वागत हा या उभारणीमागचा मुख्य हेतू मानला जातो. दरबार दालनातील सुमारे साडेतीन टनांची दोन अवजड झुंबरे टांगण्यापूर्वी छताची ताकद अजमावण्यासाठी वर हत्ती चढवले होते, अशी कथा सांगितली जाते. पाहुणे थोड्या दिवसांत परतले. दालने मात्र राहिली. पुढे १९६४ साली राजवाड्याच्या काही भागात संग्रहालय सुरू झाले आणि उर्वरित भागात शिंदे घराण्याचा निवास कायम राहिला. शेजारचे उषाकिरण पॅलेस हे राजघराण्याचे अतिथिगृह. आता तेथे हॉटेल आहे.

सामान्य घरातील प्रश्नही याच जातीचा आहे. चतुर्थी, जत्रा किंवा लग्नकार्य एवढ्यापुरती उघडणारी खोली वर्षातील बहुतेक दिवस बंद राहते. त्याच घरात दहावीच्या विद्यार्थ्याला अभ्यासासाठी किंवा आजारी वडीलधाऱ्यांना विश्रांतीसाठी स्वतंत्र कोपरा नसतो. पाहुण्यांचा मान राखण्यासाठी घरच्यांची अडचण होऊ द्यावी, असे नाही.

बंद खोलीचे नुकसानही होते. ग्वाल्हेरच्या कोरड्या उन्हाळ्यात तेथे धूळ साचते. गोव्याच्या पावसाळ्यात कापसाच्या गाद्या ओल धरतात, भिंतींना व कपाटांना बुरशी येते. रोजच्या वावराने खिडक्या उघडतात, पंखा फिरतो, गळती वेळीच लक्षात येते.

विनियोगाचा निकष सोपा आहे: पाहुण्यांचा निरोप येताच खोली तासाभरात मोकळी करता यावी. अभ्यास, कार्यालयीन काम, शिवण, गायन-वादनाचा रियाज या गोष्टी त्यात बसतात. मिटणारे टेबल, पेटीतले शिवणयंत्र, दिवसा बैठक व रात्री पलंग होणारा दिवाण उपयोगी पडतो. धान्याची पोती, जुनी वर्तमानपत्रे, मोडके फर्निचर येथे ठेवू नये. अशा वस्तू एकदा आल्या की हलत नाहीत आणि खोलीची अडगळ होते. पाहुण्यांसाठी कपाटाचा एक कप्पा, दोन खुंट्या आणि धुतलेल्या चादरी-उशांचा एक संच कायम राखून ठेवावा. गादीला अधूनमधून ऊन दाखवावे.

खोली पर्यटकांना भाड्याने द्यायची झाल्यास ते घरगुती काम राहत नाही. गोव्यात १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याप्रमाणे पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. परदेशी नागरिक उतरल्यास त्याची माहिती २४ तासांच्या आत संबंधित अधिकाऱ्यांना कळवावी लागते. या जबाबदाऱ्या नको असल्यास खोली घरच्यांनीच वापरावी, हे अधिक सोयीचे.

आतिथ्य हे कुलूपबंद खोलीवर अवलंबून नसते. स्वच्छ अंथरूण, हवेशीर जागा आणि सामान ठेवण्यापुरता कप्पा एवढे मिळाले, तर आदल्या दिवशी तेथे कोणी गणिते सोडवत बसले होते, याचे पाहुण्यांना काहीच वाटत नाही.