पुन्हां तेंच, पण कोठवर?

बुलढाणा जिल्ह्यांतील खामगांव कापसाच्या पेठेविषयीं फार दिवसांपासून प्रसिद्ध आहे. १८७० सालीं तेथें आगगाडीचा फांटा आला तो याच व्यापारासाठीं. तेथील एखाद्या तोलाराचें काम श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावें. पुढची गासडी घ्यावी; गासडी उरली नसल्यास तेथेंच थांबावें; असल्यास तोलून वहींत नोंदावी; आणि पुन्हां पहिल्यापासून. माणसाला हें एकदां सांगितलें कीं पुरे. गणकयंत्राला मात्र तें कोणत्या शब्दांत सांगावें, यावर विद्वानांनीं वीसांहून अधिक वर्षें खल केला.

पुनरावृत्तीचा विचार नवा नव्हे. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकांतील बीजगणितांत ‘चक्रवाल’ नांवाची रीत आहे. इष्ट उत्तर मिळेपर्यंत तीच कृति फिरफिरून करावयाची. परंतु ती माणसानें वाचावयाची. यंत्रासाठीं १९५१ सालीं स्वित्झर्लंडांतील हाइन्झ रुटिसहाउझर यांनीं जर्मन भाषेंतील ‘फ्यूर’, म्हणजे ‘करितां’, हा शब्द योजिला. १९५७ सालच्या फोरट्रान भाषेंत ‘डू’ आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६४ सालीं बसविलेल्या सी. डी. सी. ३६०० या यंत्रावर हीच भाषा चाले.

त्या ‘डू’ला फेऱ्यांची संख्या आधीं सांगावी लागे. गासड्या किती, हें ठाऊक नसेल तर ‘गो टू’ या आज्ञेनें उडी मारावयाची. उड्या वाढल्या कीं लिहिणारालाच आपलें लिखाण उमगेनासें होई. या आज्ञेविरुद्ध डच गणिती डाइक्स्ट्रा यांनीं १९६८ सालीं पत्र प्रसिद्ध केलें. १९७० सालच्या पास्कल भाषेंतील ‘व्हाइल’मध्यें उडी नव्हती, पण थांबण्याचा प्रश्न फेऱ्याच्या आरंभींच विचारला जाई. त्यामुळें ‘पुढची गासडी घ्या’ हें वाक्य दोनदां लिहावें लागे: एकदां फेऱ्याआधीं, एकदां त्याच्या शेवटीं. पुढें एक वाक्य सुधारलें आणि दुसरें विसरलें, कीं हिशेब चुके, आणि यंत्र चकार शब्द काढीत नसे.

यावर नॉर्वेच्या ओले-योहान डाल यांनीं नवी रचना सुचविली: आरंभीं ‘लूप’, थांबण्याची अट मध्यें, शेवटीं ‘रिपीट’. डोनाल्ड क्नूथ यांनीं १९७४ सालच्या आपल्या दीर्घ लेखांत तिचा पुरस्कार केला. तोलाराच्या कामाचा क्रम तींत जसाच्या तसा उतरतो. तिचे शब्द सर्वत्र रुजले नाहींत. तरी ‘एडा’ भाषेनें १९८० नंतरच्या दशकांत मधूनच बाहेर पडणारा फेरा स्वीकारला, आणि इतर भाषांत ‘ब्रेक’ हें काम करीत राहिला.

यंत्राला यांतील कोणतीही रचना चालली असती. उद्यां दुसऱ्या तोलाराच्या हातीं तीच वही जावयाची असते. हा सारा खटाटोप त्याच्यासाठीं होता.