इंजिनिअर नसलेला यंत्र-कारखानदार : एडवर्ड ॲलिस

तंत्रज्ञानाचा इतिहास म्हटलं की आपण आधी काय विचारतो? 'हे कोणी शोधलं?' मी मटेरियल सायन्सचा विद्यार्थी, त्यामुळे माझीही तीच सवय. आज ज्याच्याबद्दल लिहितोय, त्याला हा प्रश्न लावला तर तो माणूस हातातून निसटतोच. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत पिठाच्या आणि लाकडाच्या गिरण्यांना यंत्रं पुरवणारा हा मोठा कारखानदार. पण ज्या यंत्रांमुळे त्याचा कारखाना गाजला, ती सगळी दुसऱ्यांच्या डोक्यातून आलेली.

एडवर्ड फेल्प्स ॲलिस १८२४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या कॅझनोव्हिया गावी जन्मला. १८४५ साली युनियन कॉलेजमधून पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी मिशिगन सरोवराकाठच्या मिलवॉकी शहरात आला. तिथे चामड्याचा व्यापार केला, टॅनरी चालवली. यंत्रांशी संबंध शून्य.

१८५७ च्या आर्थिक मंदीत तिथला 'रिलायन्स वर्क्स' नावाचा कारखाना बुडाला. तिथे गिरण्यांचं सामान बनायचं, त्यात जात्याचे दगडही होते. हा चांगला दगड फ्रान्समधून तुकड्यांनी यायचा. ते तुकडे जोडून, वर लोखंडी पट्टे आवळून पाळी तयार करायची. १८६१ मध्ये हा कारखाना लिलावात निघाला आणि ॲलिसनं तो घेतला. चामडेवाल्यानं दगड विकत घेतले म्हणा ना!

१८७३ च्या सुमारास मिलवॉकीला नळाचं पाणी आणायची योजना निघाली. पंप चालवायची प्रचंड इंजिनं आणि पाइप यांचं काम ॲलिसनं मिळवलं. एवढं मोठं काम करायची सोय तेव्हा त्याच्याकडे नव्हती. आधी काम घेतलं, मग ती उभी केली. उधारीवर अर्थातच. त्याच साली पुन्हा मंदी आली आणि १८७६ मध्ये ॲलिस दिवाळखोर झाला. देणेकऱ्यांशी तडजोड करून त्यानं कारखाना नव्यानं उभा केला, 'एडवर्ड पी. ॲलिस अँड कंपनी' या नावानं.

आता गंमत बघा. १८७७ साली हा कारखानदार विस्कॉन्सिनच्या गव्हर्नरपदासाठी उभा राहिला, तोही ग्रीनबॅक पक्षाकडून. यादवी युद्धात अमेरिकन सरकारनं सोन्याशी न बांधलेल्या कागदी नोटा काढल्या होत्या, त्यांना ग्रीनबॅक म्हणत. १ जानेवारी १८७९ पासून त्या सोन्यात बदलून द्यायच्या, असा कायदा १८७५ मध्ये झाला. ग्रीनबॅकवाल्यांचा त्याला विरोध, कारण चलन आवळलं की भाव पडतात. समजा, तुमच्यावर हजार डॉलरचं कर्ज आहे. यंत्रांचे भाव उतरले तर कर्जाचा आकडा तोच राहतो, पण तो फेडायला जास्त यंत्रं विकावी लागतात. कर्जबाजारी शेतकऱ्याचं दुखणं आणि ॲलिसचं दुखणं एकच होतं. त्याला २६ हजारांच्या आसपास मतं पडली आणि तो तिसरा आला. १८८१ मध्ये पुन्हा उभा राहिला, तेव्हा ती मतंही उरली नव्हती. त्याचं हे राजकारण चरित्राची तळटीप म्हणून सोडून देऊ नये असं मला वाटतं. त्याच्या हिशेबाच्या वह्या आणि त्याची मतं एकाच अनुभवातून आली होती.

दिवाळखोरीच्या याच सुमारास त्यानं नेमके तीन माणसं धरली. जॉर्ज हिंकली लाकडाच्या गिरण्यांच्या यंत्रांतला. एडविन रेनॉल्ड्स १८७७ मध्ये आला. आधी तो प्रॉव्हिडन्सला कॉर्लिसच्या प्रसिद्ध वाफेच्या इंजिनांच्या कारखान्यात वरच्या जागी होता. आणि तिसरा विल्यम डिक्सन ग्रे, पिठाच्या गिरण्यांचा जाणकार. त्याच्या कामापाशी जरा थांबतो.

मिनेसोटाकडचा वसंतात पेरलेला गहू कडक आणि त्याचा कोंडा ठिसूळ. दगड जवळ ठेवून एका झटक्यात दळला की कोंड्याचा भुगा होऊन पिठात मिसळायचा आणि पीठ काळपट दिसायचं. उपाय असा, की दाणा आधी नुसता फोडायचा, त्यातला रवा वेगळा काढून साफ करायचा आणि मग टप्प्याटप्प्यानं बारीक करायचा. याला दगडापेक्षा लोखंडी रोलर सोयीचे. पृष्ठभाग झटकन थंड करून कठीण केलेलं ओतीव लोखंड, त्यावर बारीक खाचा, आणि जोडीतला एक रोलर दुसऱ्यापेक्षा वेगानं फिरणारा. वेगातल्या फरकामुळे दाणा चेंगरत नाही, खरवडल्यासारखा उघडतो. युरोपात, विशेषतः हंगेरीत, रोलर आधीपासून होते. ग्रेनं ते दातेरी चाकांऐवजी पट्ट्यांवर चालवले. खडखडाट गेला, आणि ॲलिसची कंपनी ते 'बिनआवाजी' म्हणून विकू लागली.

२ मे १८७८ रोजी मिनियापोलिसची वॉशबर्न 'ए' गिरणी पिठाच्या धुळीच्या स्फोटात उडाली, १८ माणसं गेली. कोरड्या फिरणाऱ्या दगडांची ठिणगी हे कारण मानलं जातं. त्यानंतर लवकरच वॉशबर्नच्याच दुसऱ्या गिरणीत ग्रेनं पूर्णपणे रोलरवर चालणारी प्रायोगिक गिरणी बसवली. दगड विकणाऱ्या कारखान्यानंच दगडाचा धंदा मोडीत काढला!

मग ॲलिसचं काम नेमकं काय? माणसं ओळखणं, त्यांना मोकळीक देणं, आणि त्यांच्या कल्पनेवर उधारीचा पैसा लावणं. पेटंटच्या कागदात यातलं काहीच दिसत नाही. त्यासाठी करारपत्रं, लिलावाच्या नोंदी, जाहिराती वाचाव्या लागतात.

त्याला फार उदार ठरवायचीही घाई नको. १८८३ मध्ये त्याच्या कारखान्यात कामगारांसाठी परस्पर-साहाय्य संस्था निघाली. तीन वर्षांनी, मे १८८६ मध्ये, आठ तासांच्या दिवसासाठी मिलवॉकीत संप पेटला. ३ मे रोजी संपकऱ्यांचा मोर्चा रिलायन्स वर्क्सवर आला, तेव्हा आतल्या कामगारांनीच पाण्याचे होज मारून त्यांना मागे रेटलं. तरी कारखाना बंद करावा लागला. ५ मे रोजी बे व्ह्यू इथल्या लोखंडाच्या कारखान्याजवळ सैनिकांनी गोळीबार केला, त्यात किमान सात जण मेले. होज धरणारे ते कामगार मालकासाठी उभे होते, की बाहेरचे अकुशल मजूर आपल्या कामावर येतील या भीतीनं? विषय शोधत असाल तर इथे एक अख्खा प्रबंध आहे.

१ एप्रिल १८८९ रोजी ॲलिस वारला, तेव्हा कारखान्यात सुमारे दीड हजार माणसं होती. १९०१ मध्ये शिकागोच्या फ्रेझर अँड चाल्मर्ससह काही कंपन्यांशी विलीनीकरण होऊन 'ॲलिस-चाल्मर्स' झाली. नारिंगी ट्रॅक्टरांवर दिसणारं ते नाव हेच. ट्रॅक्टर मात्र त्याच्या मृत्यूनंतर पंचवीसेक वर्षांनी आले.