कापूस, हया आणि प्रश्न

टॅम्पॉन हा शब्द आपल्याकडे औषधाच्या दुकानातही अजून हळू आवाजात उच्चारला जातो. ‘ही परदेशी बायकांची वस्तू, आपल्या मुलींनी त्या वाटेला जाऊ नये,’ हे मी अनेक घरांत ऐकले आहे. इतिहास मात्र वेगळे सांगतो. पाळीत कापूस वापरणे आणि त्याबद्दल सरळ प्रश्न विचारणे, या दोन्ही गोष्टी आपल्याकडे टॅम्पॉनच्या कितीतरी शतके आधीपासून आहेत.

इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’त एक नोंद आहे. मदिनेतल्या स्त्रिया लहानशा डबीत कापूस ठेवून हजरत आयेशा (र.) यांच्याकडे पाठवत. कापसावर पिवळसर डाग असे. हैज संपला का, नमाज सुरू करायची का, हा त्यांचा सवाल असे. घाई करू नका, पांढरा स्राव दिसेपर्यंत थांबा, असे हजरत आयेशा सांगत. त्या कापसाला अरबीत ‘कुरसुफ’ म्हणतात. सोळाव्या शतकातले उस्मानी विद्वान इमाम बिरगिवी यांनी हैजच्या मसल्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. हा कापूस कधी ठेवावा, आत की बाहेर, याचीही चर्चा त्यात आहे. कोकणातले आपण बहुतेक शाफई, बिरगिवी हनफी. पण मुद्दा मसलकाचा नाही. एका आलिमाला हा विषय लिहिण्याजोगा वाटला, हा मुद्दा आहे.

दुसरी नोंद हदीसमधली. एका स्त्रीने पैगंबरांना (स.) पाळीनंतरच्या गुस्लबद्दल विचारले. कस्तुरी लावलेला तुकडा घेऊन स्वच्छता कर, असे उत्तर मिळाले. तिला ते नीट कळले नाही, तिने पुन्हा विचारले. तेव्हा हजरत आयेशांनी तिला जवळ घेऊन समजावले की जिथे रक्त लागले असेल तिथे तो फिरव. अन्सारी स्त्रियांची त्यांनी तारीफ केली आहे ती याचसाठी, की शरमेपायी त्या दीन समजून घ्यायच्या थांबल्या नाहीत. आपण हयाचा अर्थ गप्प बसणे असा कधी करून टाकला, कोण जाणे.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातही असे सवाल ऐकून घेणारा एक माणूस होऊन गेला. दापोली तालुक्यातल्या मुरुडचे रघुनाथ धोंडो कर्वे. जुलै 1927 पासून 1953 पर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. शरीराबद्दलच्या वाचकांच्या प्रश्नांना ते छापून उत्तरे देत. त्यासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरला, दंड झाला, मासिक चालूच राहिले.

त्याच वर्षांत तिकडे अमेरिकेत आजचा टॅम्पॉन तयार होत होता. डेन्व्हरचे डॉ. अर्ल हास यांनी 1931 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि 1933 मध्ये ते मिळाले. दाबून घट्ट केलेला कापूस, ओढून काढण्यासाठी दोरा आणि आत सरकवण्यासाठी कागदाची नळी, एवढीच ती रचना. गर्ट्रूड टेंडरिच या बाईंनी ते पेटंट विकत घेतले आणि ‘टॅम्पॅक्स’ बाजारात आले.

पण या कहाणीला एक काळे पान आहे. 1970 नंतर कंपन्यांमध्ये जास्तीत जास्त रक्त शोषणारा टॅम्पॉन काढण्याची चढाओढ लागली. ‘रिलाय’ नावाच्या टॅम्पॉनमध्ये कृत्रिम फोमचे तुकडे आणि रासायनिक सेल्युलोज होते. तो बदलण्याची गरज लवकर पडत नसे, आणि हीच त्याची जाहिरात होती. 1980 मध्ये अमेरिकेत पाळीच्या काळात ‘टॉक्सिक शॉक सिंड्रोम’ झालेल्या 800 हून अधिक रुग्णांची नोंद झाली, 38 जणी दगावल्या. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूचे विष रक्तात भिनून हा आजार होतो. सप्टेंबर 1980 मध्ये ‘रिलाय’ बाजारातून काढून घेतला गेला. पुढे पाकिटावर इशारा आला, शोषणक्षमतेची ठरावीक मापे आली, आणि दशकाच्या शेवटी वर्षाची नोंद शंभराच्या आत आली. आजारी पडलेल्या बायकांना डॉक्टरांनी पाळीबद्दल विचारले आणि त्यांनी न लाजता सांगितले, म्हणून तर हा माग लागला.

आज डॉक्टर जे नियम सांगतात, त्यांच्यामागे हा इतिहास आहे. हात साबणाने धुवावेत. आपल्या स्रावाला पुरेल असा सर्वांत कमी शोषणक्षमतेचा टॅम्पॉन घ्यावा. दर चार ते आठ तासांनी बदलावा, आठ तासांच्या वर ठेवू नये. रात्री जास्त झोप होणार असेल तर पॅड बरा. आत घालताना अंग सैल सोडावे आणि दिशा सरळ वर न ठेवता कमरेच्या मागच्या बाजूला ठेवावी. नीट बसला तर तो जाणवत नाही. टोचत असेल तर बहुधा पुरेसा आत गेलेला नसतो. दोरा बाहेर राहू द्यावा. लघवीचा मार्ग वेगळा, त्यामुळे लघवीला अडचण येत नाही. गर्भाशयाचे तोंड अगदी अरुंद असते, म्हणून तो पोटात हरवतही नाही. पाळी नसताना, नुसत्या पांढऱ्या स्रावासाठी वापरू नये. नवा घालण्याआधी जुना काढल्याची खात्री करावी, आणि वापरलेला कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावा, संडासात नाही. टॅम्पॉन वापरताना अचानक ताप, उलट्या, चक्कर किंवा उन्हाने भाजल्यासारखे लाल चट्टे आले, तर तो लगेच काढून दवाखाना गाठावा आणि टॅम्पॉन वापरत होते हे डॉक्टरांना आधी सांगावे.

राहिला तो सवाल, जो आया मला वर्गाबाहेर, कोपऱ्यात नेऊन विचारतात. टॅम्पॉनने कौमार्य जाते का? नाही. योनीच्या तोंडाशी असलेला पडदा मुळात पूर्ण बंद नसतो, प्रत्येकीचा वेगळा असतो, आणि तो पाहून कोणाचाही शरीरसंबंध आला की नाही हे सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये कौमार्य चाचणी बंद करण्याचे आवाहन केले. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने 2019 मध्ये ती चाचणी अभ्यासक्रमातून काढण्याचा निर्णय घेतला. शास्त्र जे सिद्ध करू शकत नाही, त्याचे ओझे चौदा वर्षांच्या पोरीवर कशाला?

टॅम्पॉन वापरलाच पाहिजे असे माझे म्हणणे नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 24 वयाच्या मुलींपैकी 64 टक्के सॅनिटरी पॅड आणि 50 टक्के कपडा वापरत असल्याचे आढळले. काही जणी दोन्ही वापरतात. कपडाही चांगलाच, पण तो कडक उन्हात वाळायला हवा. आपल्या कोकणात आषाढात ऊन कुठून आणायचे? लाजेपायी पलंगाखाली वाळवलेला दमट कपडा मुलीने पुन्हा वापरावा, त्यापेक्षा घरात मोकळे बोलून काय वापरायचे ते तिला ठरवू द्यावे. आईला जमत नसेल तर खालाने, फुफीने सांगावे. त्यांनाही जमत नसेल तर मुलीला माझ्याकडे पाठवा. मदिनेतल्या बायका डबीत कापूस घालून पाठवत होत्या. आपल्या मुलींना नुसता प्रश्न विचारायचा आहे.